जपानमध्ये भाड्याच्या घराची रिन्युअल फी: कोणती रक्कम द्यावी लागते, कोणती नाही, आणि कधी काय करायचं

जपानमध्ये भाड्याचा करार बहुतेक वेळा दोन वर्षांचा असतो. तो वाढवताना मालकाला एक वेगळी रक्कम द्यावी लागते. तिला 'कोशिनऱ्यो' म्हणतात. तोक्यो आणि आजूबाजूला ती साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. भारतातून नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दोन वर्षांत तिचा पत्ताही नसतो, कारण घर घेताना सगळं लक्ष डिपॉझिट आणि 'रेइकिन'कडे, म्हणजे परत न मिळणाऱ्या भेटीच्या रकमेकडे असतं. मग मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी टपालाने जाड पाकीट येतं आणि त्यातल्या चार-पाच वेगवेगळ्या रकमा एकाच आकड्यात बेरीज करून समोर ठेवलेल्या असतात.

ती बेरीज तशीच भरू नका. त्यातल्या काही रकमा तुम्ही करारावर सही केली त्याच दिवशी कबूल केलेल्या असतात; त्या द्याव्याच लागतात. काही मात्र नव्याने मागितलेल्या असतात, आणि त्या तुम्ही मान्य केल्याशिवाय लागू होत नाहीत. या दोन प्रकारांतला फरक ओळखता आला की बराचसा गोंधळ सुटतो.

मराठी भाडेकरूची एक खास अडचण आधी सांगायला हवी. पुण्या-मुंबईत आपण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहिलेलो असतो. तिथे मुदत संपली की राहण्याचा हक्क संपला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मालक घराचा ताबा मागू शकतो. तोच धाक मनात घेऊन आपण जपानला येतो आणि 'महिनाअखेर सही करा' असं पत्र आलं की घाबरून सही करतो. जपानमधल्या साध्या करारात मात्र चित्र जवळजवळ उलटं आहे. तिथला कायदा भाडेकरूला घरात टिकवून धरणारा आहे.

ही फी कुठे असते, कुठे नसते

कोशिनऱ्यो कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती प्रथा आहे आणि करारात लिहिली तरच लागू होते. म्हणून ती प्रदेशागणिक बदलते. २००७ मध्ये तिथल्या जमीन, पायाभूत सुविधा आणि वाहतूक मंत्रालयाने केलेल्या पाहणीत कानागावा प्रांतातल्या सुमारे ९० टक्के घरांना ही फी होती, तर ओसाका आणि ह्योगोमध्ये जवळपास शून्य. तोक्यो, चिबा, साइतामा हे फीवाले प्रांत. क्योतो ओसाकाच्याच कान्साई भागात असूनही फीवाला, आणि तिथे एक वर्षाचा करार व त्यावर एकाहून जास्त महिन्यांची फी असेही करार आढळतात. त्यामुळे ओसाकाहून बदली होऊन कानागावातल्या योकोहामाला आलेल्याने 'आधीच्या घराला तर काहीच नव्हतं' या भरवशावर राहू नये.

अशी फी घेणं योग्य आहे का, यावर जपानमध्ये बरीच वर्षं खटले चालले. १५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. करारात फी निःसंदिग्ध आणि नेमक्या शब्दांत लिहिलेली असेल, आणि भाडं व वाढवलेली मुदत पाहता ती अवाजवी मोठी नसेल, तर ती वैध आहे. त्या दिवशी निकाल लागलेल्या क्योतोच्या एका प्रकरणात वर्षाला दोन महिन्यांच्या भाड्याइतकी फी होती आणि न्यायालयाने तीही मान्य केली. म्हणजे दोन वर्षांना एक महिना अशी तोक्योची फी 'ग्राहक कायद्याखाली बेकायदा' म्हणून नाकारता येईल ही आशा सोडून द्यावी. पण त्याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: करारात नेमकं लिहिलेलं नसेल तर मागणीला आधार नाही.

पाकीट उघडण्याआधी जुना करार उघडा

घर घेताना तुम्हाला दोन दस्त मिळालेले असतात. 'जूयो जिको सेत्सुमेइशो' म्हणजे महत्त्वाच्या बाबींचं लेखी स्पष्टीकरण, आणि 'चिन्ताइशाकु केइयाकुशो' म्हणजे प्रत्यक्ष करार. दोन्ही काढा. मंत्रालयाच्या नमुना करारात मुदत आणि नूतनीकरण हे दुसरं कलम असतं, आणि बहुतेक खासगी करार त्याच धाटणीचे असतात. पण फीचा आकडा बरेचदा तिथे नसतो. तो पहिल्या पानावरच्या तक्त्यात किंवा अगदी शेवटी 'तोकुयाकु', म्हणजे विशेष अटी, या मथळ्याखाली असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करताना नेमकी हीच शेवटची बारीक अक्षरातली पानं वगळली जातात. मंत्रालयाने आपल्या नमुना कराराचं इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केलेलं आहे. ते शेजारी ठेवून वाचलं तर तुमच्या करारात कोणती अट जादा घातली आहे ते पटकन दिसतं.

वाचताना या गोष्टी टिपून ठेवा:

- फी किती महिन्यांची, आणि ती जुन्या भाड्यावर की 'नव्या' भाड्यावर. 'नव्या भाड्याचा एक महिना' असं असेल तर भाडेवाढ मान्य केल्यावर फीही वाढते.
- 'भाडं' म्हणजे फक्त 'याचिन' की त्यात 'क्योएकिही' किंवा 'कान्रीही' (सामायिक देखभाल खर्च) धरला आहे. सहसा फी फक्त याचिनवर असते.
- फीशिवाय 'कोशिन जिमु तेसूऱ्यो', म्हणजे कागदपत्रांचं शुल्क, लिहिलं आहे का, आणि किती.
- फी फक्त दोघांच्या संमतीने होणाऱ्या नूतनीकरणाला आहे, की कायद्याने आपोआप होणाऱ्या नूतनीकरणालाही.
- घर सोडायची सूचना किती आधी द्यायची: एक महिना की दोन.
- करार साधा आहे की 'तेइकी शाक्का', म्हणजे ठरावीक मुदतीचा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्याबद्दल पुढे येईलच.

आकड्यांची फोड

समजा याचिन १,२०,००० येन आणि क्योएकिही ८,००० येन आहे. एक महिन्याची फी, पाव महिन्याचं कागदपत्र-शुल्क, दोन वर्षांचा घरातल्या सामानाचा विमा आणि दरवर्षी भरायचं गॅरंटी कंपनीचं (तुमच्यासाठी जामीन राहणाऱ्या कंपनीचं) शुल्क असा नेहमीचा साचा धरू. फी १,२०,००० येन. कागदपत्र-शुल्क ३०,००० आणि त्यावर १० टक्के उपभोग कर, म्हणजे ३३,०००. विमा १८,०००. गॅरंटी कंपनी १०,०००. बेरीज १,८१,००० येन. त्याच महिन्याचं नेहमीचं भाडं १,२८,००० येन धरलं तर खात्यातून ३,०९,००० येन जातात. पगाराच्या महिन्यात हा धक्का मोठा वाटतो. पण दोन वर्षांवर पसरून पाहा: गॅरंटी कंपनीचं शुल्क दोनदा धरून १,९१,००० भागिले २४, म्हणजे महिन्याला सुमारे ८,००० येन. घर शोधताना दोन जागांची तुलना करायची असेल तर जाहिरातीतल्या भाड्यात हे ८,००० मिळवूनच करावी. फी नसलेलं १,२५,००० चं घर कधीकधी फी असलेल्या १,२०,००० च्या घरापेक्षा स्वस्त पडतं.

आता एकेक रक्कम तपासा.

राहत्या घराच्या भाड्यावर आणि कोशिनऱ्योवर उपभोग कर नसतो. पत्रात फीच्या आकड्यावर १० टक्के कर चढवलेला दिसला तर ती चूक आहे. नम्रपणे विचारा, दुरुस्त करून मिळते. कागदपत्र-शुल्क ही मात्र व्यवस्थापन कंपनीची सेवा, त्यावर कर बरोबर आहे.

हे कागदपत्र-शुल्क ही सर्वांत सैल वीट आहे. फी मालकाला जाते, हे शुल्क कंपनीला. कंपनी मालकासाठी काम करते, तिचा मोबदला मालकाने द्यावा हेच न्याय्य. करारात ते लिहिलं असेल तर द्यावं लागेल, पण लिहिलं नसेल तर 'हे आमच्या करारात कुठल्या कलमात आहे?' एवढा एकच प्रश्न ईमेलने विचारा. कलम दाखवता आलं नाही की शुल्क बहुतेकदा निघून जातं.

विम्याबाबत: करारात 'विमा असावा' असं लिहिलं असेल आणि कंपनीचं नाव बांधून घातलेलं नसेल, तर तुम्ही स्वतः विमा निवडू शकता. मालकाला हवं असतं ते 'शाकुयानिन बाइशो' कलम, म्हणजे तुमच्या हातून आग किंवा पाणीगळती होऊन घराचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. ते असलेला आणि शेजाऱ्याच्या नुकसानाचंही संरक्षण देणारा विमा इंटरनेटवर बराच स्वस्त मिळतो. एकट्या माणसाच्या एका खोलीला कुटुंबाच्या सामानाएवढं संरक्षण लावलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे. बदलायचं असेल तर जुना विमा संपायच्या आधी नव्याचं प्रमाणपत्र कंपनीला पाठवा. मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नका.

गॅरंटी कंपनीचं शुल्क टाळता येत नाही आणि विसरून चालत नाही. ते वेगळ्या कंपनीकडून, वेगळ्या तारखेला, वेगळ्या पत्राने मागितलं जातं. घरमालकाची फी भरली म्हणजे सगळं झालं असं समजून ते पत्र कचऱ्यात जातं, आणि नंतर थकबाकीची नोंद होते. पुढच्या घराच्या अर्जात हीच नोंद आडवी येऊ शकते.

त्याच पाकिटात दडलेली भाडेवाढ

गेल्या काही वर्षांत तोक्योची भाडी चढली आहेत आणि नूतनीकरणाच्या कागदातच नवं भाडं छापून पाठवण्याची पद्धत वाढली आहे. फी ही आधी कबूल केलेली गोष्ट. भाडेवाढ हा नवा प्रस्ताव आहे. दोन्ही एकाच कागदावर आणि एकाच सहीखाली असल्यामुळे माणूस फी भरण्याच्या नादात वाढही मान्य करून बसतो.

जमीन व घर भाडेपट्टा कायद्याचं, म्हणजे 'शाकुची शाक्का हो'चं, कलम ३२ सांगतं की कर, किमती किंवा आसपासची भाडी बदलल्यामुळे चालू भाडं अयोग्य ठरलं असेल तर मालक वाढ मागू शकतो, आणि तसंच भाडेकरू कपात मागू शकतो. पण जमलं नाही तर आधी न्यायालयातली मध्यस्थी आणि मग खटला, असा मार्ग आहे. निकाल लागेपर्यंत भाडेकरूने स्वतःला योग्य वाटेल ती रक्कम, व्यवहारात जुनंच भाडं, भरत राहायचं. शेवटी न्यायालयाने वाढ मान्य केली तर फरक वर्षाला १० टक्के व्याजासह द्यावा लागतो. मालकाने जुनं भाडं घ्यायलाच नकार दिला तर ते 'होमुक्योकु', म्हणजे विधी व्यवहार कार्यालयात 'क्योताकु' म्हणून जमा करता येतं. ते तुम्ही भाडं भरल्यासारखंच धरलं जातं. भाडं अजिबात न भरणं ही मात्र घोडचूक आहे. त्याने तुमची बाजूच कोसळते.

व्यवहारात क्रम असा ठेवा. सही करू नका, वाढीव रक्कम भरूही नका. एकदा वाढीव भाडं भरलं की संमती दिली असं म्हटलं जाऊ शकतं. वाढीचं कारण आणि आधार लेखी मागा. सूमो किंवा होम्ससारख्या संकेतस्थळांवर त्याच स्टेशनपासून तेवढ्याच मिनिटांवरची, तेवढ्याच वयाच्या इमारतीतली, तेवढ्याच चौरस मीटरची चार-पाच घरं शोधून पानं जपून ठेवा. त्याच इमारतीत रिकामी खोली जाहिरातीत असेल तर तो सर्वांत भक्कम पुरावा, मग तो तुमच्या बाजूने असो वा विरुद्ध. जाहिराती खरंच वरच्या भाड्याच्या निघाल्या तर भांडण ताणू नका. मागणीच्या निम्म्यावर तडजोड, किंवा वाढ मान्य पण या वेळची फी जुन्या भाड्यावर, असा प्रस्ताव ठेवा. मालकालाही घर रिकामं राहणं परवडत नाही. तुम्ही गेलात तर साफसफाई, नव्या जाहिरातीचा खर्च आणि महिना-दोन महिन्यांचं भाडं बुडणं हे सगळं त्याच्या माथी येतं.

निव्वळ फी माफ करून घेण्याचा प्रयत्न मात्र क्वचित यशस्वी होतो. तेवढीच शक्ती भाडं गोठवून घेण्यावर लावा.

सही केली नाही तर घर जातं का?

साध्या करारात नाही. मालकाला करार वाढवायचा नसेल तर त्याने मुदत संपायच्या एक वर्ष ते सहा महिने आधी तसं कळवायला हवं, आणि शिवाय त्याच्याकडे त्याच भाडेपट्टा कायद्याच्या कलम २८ मधलं 'योग्य कारण' हवं: स्वतःला राहण्याची गरज, इमारत मोडकळीला येणं, त्याबरोबर स्थलांतराची भरपाई असं काही. हे नसेल तर मुदत संपली तरी करार पूर्वीच्याच अटींवर चालू राहतो, फक्त त्याला नवी मुदत उरत नाही. याला 'होतेइ कोशिन' म्हणजे कायद्याने झालेलं नूतनीकरण म्हणतात. कायद्याच्या या तरतुदींविरुद्ध, भाडेकरूचं नुकसान करणारी अट करारात घातली तरी ती निष्प्रभ ठरते. म्हणून दोन महिने आधी आलेल्या 'सही करा नाहीतर खोली सोडा' अशा पत्राला साध्या करारात कायद्याचं बळ नाही.

मग फीचं काय? तुमच्या करारात 'संमतीने असो वा कायद्याने, नूतनीकरण झालं की फी द्यावी' असं स्पष्ट लिहिलं असेल तर न्यायालयं ती द्यायला लावतात. फक्त 'दोघांनी नूतनीकरण केल्यास' असं असेल तर भाडेकरूची बाजू बळकट होते. आणि एकदा होतेइ कोशिन झालं की करार बिनमुदतीचा होतो. पुढे दोन वर्षांनी पुन्हा 'मुदत संपली' असं होत नाही, त्यामुळे पुढच्या फीचा आधारही जातो.

हे वाचून फी वाचवण्यासाठी मुद्दाम सही टाळण्याचा मोह होईल. आमचा सल्ला असा की भाडेवाढीवरून खरा वाद असेल तरच या वाटेने जा. फी स्पष्ट कबूल केलेली असताना ती बुडवली तर करारभंग होतो, गॅरंटी कंपनी ती रक्कम मालकाला देऊन तुमच्यामागे वसुलीला लागू शकते, आणि परदेशी माणसाला पुढचं घर मिळवताना अशी नोंद फार महागात पडते. वाद भाडेवाढीचा असेल तर फी जुन्या भाड्याच्या हिशेबाने भरून टाका आणि 'फी दिली आहे, भाडेवाढ मान्य नाही' असं लेखी कळवा.

ठरावीक मुदतीचा करार असेल तर

तेइकी शाक्का हा वेगळाच प्राणी आहे. त्याला नूतनीकरण नाही. मुदत संपली की करार संपला. पुढे राहायचं असेल तर 'साइकेइयाकु', म्हणजे नवा करार, आणि त्याला मालकाची मर्जी लागते. नव्या करारात भाडं, रेइकिन, एजंटचं शुल्क सगळं नव्याने मागता येतं. वर सांगितलेलं कलम २८ चं कवच इथे नाही. अशा करारापूर्वी 'याला नूतनीकरण नाही' हे करारापासून वेगळ्या लेखी स्पष्टीकरणाने सांगणं बंधनकारक असतं, आणि करार एक वर्ष किंवा जास्त मुदतीचा असेल तर संपण्याच्या एक वर्ष ते सहा महिने आधी मालकाने सूचना द्यावी लागते. शेअर हाउस, बदलीवर गेलेल्या मालकांचे फ्लॅट आणि तोक्योच्या मध्यभागातल्या नव्या इमारती इथे हा प्रकार जास्त. मुलांची शाळा ठरवून घर घेत असाल तर 'कोशिनऱ्यो नाही' या जाहिरातीला भुलण्याआधी करार या प्रकारचा नाही ना, हे पाहा.

तारखांचं गणित

समजा करार ३१ मार्चला संपतो. ऑक्टोबरमध्ये करार काढून वर दिलेली यादी टिपा. डिसेंबरमध्ये राहायचं की हलायचं ते ठरवा. जानेवारीत पत्र येतं, त्यावर परतीची तारीख असते. सोडायचं असेल आणि सूचनेची मुदत एक महिना असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत लेखी सूचना पोहोचली पाहिजे. दोन महिन्यांची असेल तर जानेवारीतच. इथे हमखास घोळ होतो. सूचना पाच दिवस उशिरा गेली, मुदत ५ एप्रिलपर्यंत लांबली, आणि मधल्या १ एप्रिलला नूतनीकरण होऊन पूर्ण फी लागली. करार वाढून महिन्याभरात घर सोडलं तरी फी सहसा परत मिळत नाही. कंपनीत बदलीची कुणकुण असेल, भारतात परत जायचा विचार चालू असेल, तर निर्णय या तारखेच्या अलीकडे ओढा. हलायला दोन-चार आठवडे जास्त लागणार असतील तर मालकाला आधीच विचारा. थोड्या दिवसांची मुदतवाढ दिवसाच्या हिशेबाने भाडं घेऊन, फी न लावता देणारे मालक असतात, पण ते तारीख उलटण्यापूर्वी विचारलं तरच.

मे महिन्यात किंवा दिवाळीत भारतात जाणाऱ्यांनी टपालपेटीची सोय करून जावं. जपान पोस्टकडे टपाल राखून ठेवण्याचा अर्ज करता येतो, पण तो जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. त्याहून लांब सुट्टी असेल तर जाण्यापूर्वीच व्यवस्थापन कंपनीला ईमेल करून कागद आधी पाठवायला सांगा. हल्ली मोबाइलवर दुवा पाठवून संमती घेण्याची पद्धतही आहे. तिथलं 'सहमत' बटण म्हणजे सहीच, हे ध्यानात ठेवा.

राहायचं की हलायचं

फी टाळण्यासाठी घर बदलणं जवळजवळ कधीच परवडत नाही. नव्या घराला डिपॉझिट एक महिना, रेइकिन एक महिना, एजंट करासह १.१ महिना, गॅरंटी कंपनी अर्धा ते एक महिना, पहिलं भाडं, कुलूप बदलणं, विमा आणि सामान हलवणारी गाडी असं मिळून सहज पाच महिन्यांचं भाडं जातं. एक महिन्याच्या फीशी याची तुलनाच नाही. हलण्याचं कारण खोली अपुरी पडणं, ऑफिस लांब असणं किंवा भाडंच महाग असणं हे असावं. आणि हलायचंच असेल तर जानेवारी ते मार्च टाळा. शाळा-नोकऱ्यांच्या हंगामात गाड्या महाग होतात आणि मालक एक येनही सोडत नाही.

एक घर मात्र या हिशेबातून सुटतं. यूआर, म्हणजे नगर पुनरुज्जीवन संस्थेची घरं. तिथे रेइकिन नाही, एजंट नाही, जामीन नाही आणि कोशिनऱ्योही नाही. तोक्यो महानगराच्या गृहनिर्माण महामंडळाच्या, जेकेकेच्या, घरांनाही रेइकिन आणि नूतनीकरण फी नाही. एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईत इतकी भारतीय कुटुंबं यूआरच्या वसाहतींत का स्थिरावली, त्याचं हे एक मोठं कारण आहे. यूआरला उत्पन्नाची अट असते: कुटुंबासाठी साधारण भाड्याच्या चौपट, पण भाडं ८२,५०० ते २,००,००० येनच्या दरम्यान असेल तर महिना ३,३०,००० येन पुरतात. जागेचं भाडं बाजारापेक्षा कमी असेलच असं नाही, पण चार-सहा वर्षं राहणार असाल तर एकूण खर्चात फरक पडतो.

परदेशी म्हणून लागणारे कागद

फी परदेशी माणसाला जास्त नसते. कागद जास्त लागतात. झाइर्यू कार्डाच्या (परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राच्या) दोन्ही बाजूंची प्रत, कधी 'जूमिन्ह्यो', म्हणजे रहिवासी दाखला, नोकरीचा दाखला आणि जपानमधला आपत्कालीन संपर्क एवढं तयार ठेवा. व्हिसाची मुदतही त्याच सुमारास संपत असेल तर अर्ज तीन महिने आधीपासून करता येतो. मुदतीच्या आत अर्ज केलेला असेल आणि निकाल आलेला नसेल तर जुन्या मुदतीनंतर जास्तीत जास्त दोन महिने कायदेशीर राहता येतं. ऑनलाइन अर्जाचा स्वीकार-ईमेल किंवा कार्डामागचा 'अर्ज चालू' हा शिक्का कंपनीला पाठवला की तेवढ्यावर काम होतं. व्हिसा येईपर्यंत घराचं पत्र बाजूला ठेवू नका.

कोणी मित्र किंवा सहकारी तुमचा जामीन असेल तर त्याच्याकडूनही सही मागितली जाते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नागरी संहितेच्या दुरुस्तीनुसार, व्यक्ती जामीन राहत असेल तर तिच्या जबाबदारीची कमाल रक्कम लेखी नमूद हवीच, नाहीतर तो जामीनकरार टिकत नाही. त्याला सही करायला सांगण्याआधी तो आकडा त्याला दाखवा. माणूस आपल्या भरवशावर अडकतोय, त्याला ते कळलंच पाहिजे.

कंपनीच्या नावावर घर असेल तर करार कंपनीचा, फी कंपनीची. पण नोकरी बदलताना 'घर माझ्या नावावर करून द्या' म्हटलं की तो सहसा नवा करार मानला जातो आणि रेइकिन, एजंट, गॅरंटी कंपनी सगळं नव्याने येतं. राजीनाम्याच्या बोलण्यातच हा खर्च कुणी उचलायचा ते विचारून घ्या.

कुठे अडलं तर ग्राहक मदतीसाठी देशभर १८८ हा क्रमांक आहे. कायदेविषयक प्राथमिक माहिती 'होतेरासु' ही कायदेशीर मदत देणारी संस्था इंग्रजीतही देते, आणि तोक्योत योत्सुयाच्या फ्रेस्क केंद्रात परदेशी रहिवाशांसाठी तिचा कक्ष आहे. जाताना करार, आलेलं पत्र, ईमेलच्या छापील प्रती आणि भाडं भरल्याच्या बँकनोंदी एकत्र घेऊन जा.

फी भरल्यावर बँकेची पावती, मालकाच्या शिक्क्याचा नवा करार आणि विम्याचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावा. नव्या करारावरची मुदत, भाडं आणि विशेष अटी जुन्याशी ओळीने ताडून पाहा, कारण नूतनीकरणाच्या कागदात एखादी अट गुपचूप बदललेली आढळते. कंपनी घरभाडे भत्ता देत असेल तर तिच्या मनुष्यबळ विभागाला नव्या कराराची प्रत द्या. काही ठिकाणी प्रत न दिल्यास भत्ता पुढच्याच महिन्यात थांबतो.